आबांवर पीएचडी करायचीय? मग ‘योगदान’ हा शब्द आधी खोडा

राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा इतिहासात एमए करून आपल्या भागातला विद्यार्थी पेट पास झाला, की त्याच्या विषयांच्या यादीत एक नाव हमखास असतं : आर. आर. पाटील. कवठे महांकाळ असो, तासगाव असो, ‘आबांवर काहीतरी करायचं आहे’ म्हणणारं कुणीतरी भेटतंच. इच्छा चांगली आहे. आपल्या मातीतल्या माणसावर आपणच संशोधन करावं, पुण्या-मुंबईहून कुणी येऊन करेल म्हणून वाट बघू नये, हे मलाही पटतं. पण मग सिनॉप्सिसवर शीर्षक येतं : ‘आर. आर. पाटील यांचे ग्रामविकासातील योगदान : एक चिकित्सक अभ्यास’. आणि गाडी तिथेच अडकते.

‘योगदान’ म्हटलं की उत्तर आधीच ठरलं. आता तीन-चार वर्षं फक्त त्या उत्तराला पुरावे गोळा करायचे. असा प्रबंध कधीच चुकीचा ठरू शकत नाही, आणि जो चुकीचा ठरू शकत नाही त्यातून नवीन काही कळतही नाही. शीर्षकात ‘चिकित्सक’ घातल्याने चिकित्सा होत नसते. तर आज आपण बघू, की लोकांना प्रिय असलेल्या, आपल्याच तालुक्यातल्या नेत्याच्या आयुष्यावर संशोधनाचा प्रश्न कसा तयार करायचा. उदाहरण आबांचंच घेऊ.

आधी ढोबळ माहिती. रावसाहेब रामराव पाटील, जन्म १६ ऑगस्ट १९५७, गाव अंजनी, तालुका तासगाव. सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये शिक्षण, पुढे कायद्याची पदवी. १९७९ ते १९९० जिल्हा परिषद सदस्य. १९९० पासून २०१४ पर्यंत सलग सहा वेळा आमदार. १९९९ ला ग्रामविकासमंत्री, २००३ च्या डिसेंबरात गृहमंत्री, २००४ पासून उपमुख्यमंत्रीही. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राजीनामा, २००९ मध्ये पुन्हा गृहखातं. १६ फेब्रुवारी २०१५ ला मुंबईत कर्करोगाने निधन. एवढं कुणालाही मिळतं, त्यासाठी पीएचडी लागत नाही.

आता हीच माहिती गावात कशी सांगितली जाते ते आठवा. गरीब घरातला पोरगा, कमवा आणि शिका करून शिकला, प्रामाणिक राहिला, मंत्री झाला, साधाच राहिला. एक सरळ रेघ. यातलं काही खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक छोटा निबंध लिहिला, त्यात त्याने या रेघेलाच ‘चरित्राचा भास’ म्हटलं. त्याचं म्हणणं साध्या भाषेत असं : आयुष्य जगताना माणूस अनेक फाट्यांवर उभा असतो, कुठला रस्ता कुठे जाईल हे त्यालाही ठाऊक नसतं. नंतर मात्र आपण शेवट माहीत असल्यामुळे मागे बघून सगळं ओळीने लावतो, जणू तो पहिल्यापासून तिकडेच निघाला होता. बोर्द्यूने उपमा दिली ती पॅरिसच्या भुयारी रेल्वेची. एकच प्रवास समजून घ्यायचा, पण रेल्वेच्या जाळ्याचा नकाशा बघायचाच नाही, असं ते होतं. आपण एसटीचं म्हणू. कवठे महांकाळहून मिरजेला गेलेल्या एका माणसाचं तिकीट हातात आहे, पण रस्ते किती होते, कुठली गाडी सुरू होती, कुठली बंद होती, हे माहीत नाही.

आबांच्या बाबतीत हा नकाशा बघायचा म्हटलं तर सगळ्यात दुर्लक्षित तुकडा १९७९ ते १९९० हा आहे. अकरा वर्षं! विशीतला एक तरुण जिल्हा परिषदेत बसतो, आणि बहुतेक लेखांत त्याला एक ओळ मिळते. या काळात तो सभागृहात काय बोलला? कुठल्या ठरावांवर? आणि आणखी एक धागा. शांतिनिकेतन उभारणारे प्राचार्य पी. बी. पाटील यांच्याच अध्यक्षतेखाली राज्य सरकारने १९८४ मध्ये पंचायत राज्याचा आढावा घेणारी समिती नेमली, १९८६ मध्ये तिचा अहवाल आला. म्हणजे या संस्थेत शिकलेला विद्यार्थी जिल्हा परिषदेत काम करत असताना संस्थेचे संस्थापक संपूर्ण राज्यातल्या जिल्हा परिषदांचा विचार करत होते. पुढे तोच विद्यार्थी ग्रामविकासमंत्री होतो. लगेच ‘गुरूंच्या विचारांचा प्रभाव’ असं प्रकरण लिहून मोकळे होऊ नका. दोन गोष्टी शेजारी शेजारी असणं म्हणजे एकीमुळे दुसरी घडणं नव्हे. अहवालातल्या शिफारशी एका बाजूला, मंत्रिपदाच्या काळातले शासन निर्णय दुसऱ्या बाजूला ठेवून ताडून बघा. जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर त्याहून उत्तम, कारण मग प्रश्न पडतो की कल्पना दुसरीकडून कुठून आल्या.

आता संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान. २०००-०१ मध्ये सुरू झालं, आबा तेव्हा ग्रामविकासमंत्री. आपल्यापैकी ज्यांचं बालपण त्या वर्षांतलं आहे त्यांनी भिंतींवरच्या घोषणा आणि तपासणीच्या आदल्या रात्री सारवलेले रस्ते बघितलेत. पण संशोधक म्हणून यात बघण्यासारखं काय आहे? आधी सरकार संडासासाठी घरटी अनुदान द्यायचं. अनुदानावर लाखो संडास बांधले गेले आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी सरपण, शेळी नाहीतर भंगार ठेवलं गेलं. या अभियानाने वेगळा मार्ग धरला. घराला अनुदान न देता गावाला स्पर्धेत उतरवायचं, गुण द्यायचे, तालुका-जिल्हा-विभाग-राज्य अशा पायऱ्यांनी निवड करायची आणि बक्षीस गावाला. पैशापेक्षा गावाची ईर्षा कामाला लावली. शेजारच्या गावाला नंबर मिळाला आणि आपल्याला नाही, हे दुःख आपल्याकडे किती खोल जातं ते सांगायला नको. केंद्र सरकारने २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला, त्यातही गावाला एकक धरून बक्षीस देण्याचीच पद्धत होती, आणि पुढे ते पुरस्कार सगळ्यात जास्त मिळवले ते महाराष्ट्रातल्या गावांनी.

इथे ‘योगदान’वाला विद्यार्थी थांबतो आणि प्रकरण संपवतो. तुम्ही इथून सुरुवात करा. स्पर्धा संपली की काय होतं? निर्मल ग्राम ठरलेल्या गावांच्या नंतर झालेल्या पाहण्यांत अनेक ठिकाणी संडासांचा वापर मागे पडलेला आढळला. मग एखाद्या गावात टिकलं आणि शेजारच्या गावात नाही, असं का? पाणी हे एक उघड कारण. कवठे महांकाळ हा दुष्काळी तालुका, म्हैसाळ उपसा योजनेतून कृष्णेचं पाणी वर चढायला किती वर्षं गेली ते घरोघरी माहीत आहे. डोक्यावरून घागर आणणाऱ्या घरात संडासात बादलीभर पाणी ओतायचं म्हणजे कुणाची खेप वाढली? बाईची. मग अभियानाच्या यशात तिची मोजणी कुठे आहे? श्रमदानाचे फोटो बघा, हातात झाडू घेतलेले पुढारी पुढच्या रांगेत दिसतील. रोजचं झाडलोटीचं काम त्याआधी कोण करत होतं आणि बक्षीस मिळाल्यावर पुन्हा कुणाच्या वाट्याला आलं, हा प्रश्न जातीपर्यंत जातो. तो विचारायचा की नाही हे गाइड ठरवणार नाही, तुम्ही ठरवायचं.

आणि मंत्री एकटा योजना आखत नाही. सचिव असतात, जिल्ह्यात मुख्य कार्यकारी अधिकारी असतो, खाली ग्रामसेवक असतो. टिपणी कुणी लिहिली, फाइल कुठे अडली, मंत्र्याने कुठे अंग टाकून ती पुढे नेली, हे वेगळं काढता आलं तरच ‘नेतृत्व’ या शब्दाला काही अर्थ उरतो. नाहीतर सरकारने केलेलं सगळं एका माणसाच्या नावावर मांडायचं, एवढंच होतं. आबांच्या कामात माझ्या मते खरी विशेष गोष्ट दिसते ती अशी : त्यांनी हीच रीत दुसऱ्या खात्यात नेली. गृहखातं त्यांच्याकडे असताना, १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. पुन्हा गाव हेच एकक, पुन्हा समिती, पुन्हा गुण आणि बक्षीस. केरकचऱ्याला जे औषध, तेच बांधाच्या भांडणाला! हे चाललं का? तंटामुक्त समितीत मिटलेलं प्रत्येक भांडण न्यायाने मिटलं, की दुबळ्याने गप्प बसून मिटलं? विशेषतः नवरा-बायकोची भांडणं? एका माणसाच्या दोन मोहिमांची अशी तुलना केलीत तर तो व्यक्तीचाही अभ्यास होतो आणि राज्यकारभाराचाही. इथे प्रबंध आहे. बाकी सगळा मजकूर आहे.

आता जरा अवघड जागा. गावातून बघितलं तर आबांची एक प्रतिमा दिसते. मुंबईच्या एका कोपऱ्यातून बघितलं तर वेगळी. २००५ मध्ये राज्यात डान्सबारवर बंदी आली, त्याचा चेहरा आबा होते. बारमध्ये तरुण पोरं बिघडतात, घरं उद्ध्वस्त होतात, असा युक्तिवाद होता आणि ग्रामीण भागात, खास करून बायकांमध्ये, त्याला मोठा पाठिंबा होता. पण कायद्यात तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं वगळलेली होती. म्हणजे तोच नाच महागड्या हॉटेलात चालेल, साध्या बारमध्ये नाही. बारबालांच्या संघटनेसह अनेकजण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. समानतेचा हक्क आणि व्यवसायाचं स्वातंत्र्य हे दोन मुद्दे. २०१४ मध्ये सरकारने पुन्हा नवा कायदा केला आणि वाद पुढे चालू राहिला.

संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी या खटल्यात एक गोष्ट जरूर बघावी. एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या संशोधकांनी स्त्रियांच्या एका संघटनेबरोबर बारमध्ये जाऊन सुमारे ५०० स्त्रियांशी बोलून अभ्यास केला होता. त्या कुठून आल्या, घरी किती माणसं पोसतात, बळजबरीने आल्या की आपणहून, हे प्रश्न त्यांनी थेट त्याच स्त्रियांना विचारले. अनेकजणी परंपरेने नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या होत्या. हा अभ्यास न्यायालयात मांडला गेला आणि निकालपत्रात त्याची चर्चा झाली. म्हणजे कुणीतरी नीट प्रश्नावली केली, नीट नमुना निवडला, म्हणून ज्यांच्याबद्दल सगळे बोलत होते पण ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांचं म्हणणं देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. ‘संशोधनाचा उपयोग काय’ असं घरी विचारलं तर हे सांगा.

आता तुमच्यापुढे पेच आहे. अंजनीत आबांचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी येणारी माणसं आहेत. आणि बंदीनंतर काम गेलेल्या, कुठे गेल्या याची कुणी नोंद न ठेवलेल्या बायाही आहेत. त्या तुमच्या तालुक्यात नाहीत, तुमच्या मुलाखतींच्या यादीत आपोआप येणार नाहीत. पण त्या वगळून ‘सार्वजनिक सेवक’ या विषयावर प्रबंध लिहिला तर तो अर्ध्या पुराव्यावर उभा राहील. मला विचाराल तर स्वच्छता अभियान आणि डान्सबार बंदी ही एकाच विचाराची दोन टोकं आहेत, गावाला आणि समाजाला शिस्त लावायची इच्छा. एका ठिकाणी ती लोकांच्या हातात दिली, म्हणून फळली. दुसऱ्या ठिकाणी ती पोलिसांच्या हातात दिली. हे माझं अनुमान आहे, सिद्ध झालेलं नाही. खोडून दाखवा, आनंद होईल.

आता मुलाखतींकडे. आपल्या भागात आबांबद्दल बोलायला माणसं उत्सुक असतात, तोटा नसतो. पण मौखिक इतिहास वापरायचा कसा, हे शिकायला एक इटालियन उदाहरण वाचायलाच हवं. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात कामगारांच्या मुलाखती घेतल्या. लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार मार्च १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला होता. पण मुलाखतीत कितीतरी जणांनी छातीठोकपणे सांगितलं, की तो १९५३ मध्ये, कामगार कपातीविरुद्धच्या लढ्यात मेला. सगळ्यांची तारीख चुकीची, आणि एकाच दिशेने चुकीची. पोर्तेल्लीने ही चूक फेकून दिली नाही. त्याने विचारलं, लोकांनी हा मृत्यू चार वर्षं पुढे का सरकवला? कारण १९५३ ची कपात हा त्यांच्या आयुष्यातला खरा घाव होता, आणि आपल्या माणसाचं मरण तिथे ठेवल्यावर त्याला अर्थ येत होता.

कवठे महांकाळात मुलाखती घेताना हे डोक्यात ठेवा. कारण एक साधी बाब बऱ्याचजणांच्या लक्षात राहत नाही. २००९ पूर्वी कवठे महांकाळ हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता, आणि आबा तासगावचे आमदार होते. पुनर्रचनेनंतर २००९ च्या निवडणुकीत ‘तासगाव-कवठे महांकाळ’ झाला. म्हणजे कवठे महांकाळच्या नावाने ते आमदार राहिले ते सुमारे सव्वापाच वर्षं. २०१४ ला ज्यांच्याविरुद्ध ते लढले ते अजितराव घोरपडे २००४ मध्ये जुन्या कवठे महांकाळ मतदारसंघातून निवडून आले होते. तेव्हा एखादे आजोबा म्हणाले, ‘आबा आमचे आमदार असताना दोन हजार दोनला रस्ता झाला’, तर त्यांना मध्येच तोडू नका, मान हलवा आणि लिहून घ्या. नंतर मतदारसंघाचा जुना नकाशा काढून ते गाव तेव्हा कुठे होतं ते बघा, कारण तालुक्याची आणि मतदारसंघाची हद्द एकच नसते. आठवण चुकीची निघाली तर विचारा, दुसऱ्याच्या खात्यातलं काम आबांच्या खात्यात का गेलं? तेच पोलीस भरतीचं. ‘आबांच्या काळात वशिला बंद झाला’ हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकू येईल. ते पुरावा म्हणून उतरवू नका आणि अफवा म्हणून टाकूही नका. भरतीचे नियम कुठल्या वर्षी कसे बदलले ते शासन निर्णयांत मिळेल, त्या वर्षी भरती झालेल्यांशी बोला, आणि न झालेल्यांशीही. यादीत न आलेल्याची साक्ष संशोधनात फार मोलाची असते, आणि ती घ्यायला कुणी जात नाही.

आणखी एक. तुम्ही मुलाखतीला बसलात की पहिला प्रश्न तुम्हालाच येणार : ‘पाव्हणं कुठलं? कुणाचं?’ आडनाव, गाव आणि मामाचं गाव सांगितलं की समोरचा ठरवतो तुम्ही कुठल्या गटाचे, आणि पुढची सगळी उत्तरं त्यानुसार येतात. हे टाळता येत नाही. लपवू मात्र नका. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात दोन परिच्छेद त्यावर लिहा. आबांच्या पश्चात सुमनताई पाटील आमदार झाल्या, २०२४ मध्ये रोहित पाटील. म्हणजे आठवणी अजून चालू राजकारणाचा भाग आहेत, सांगणाऱ्याला आज काहीतरी मिळवायचं किंवा गमवायचं असू शकतं. दोन्ही बाजूंची माणसं घ्या, आणि कुठल्याच बाजूला नसलेली शोधा. ती कमी बोलतात.

या कामाला घाई आहे, हेही सांगतो. १९७९ मध्ये जिल्हा परिषदेत आबांबरोबर बसलेली माणसं आता ऐंशीच्या आसपास असतील. कागदांचंही तेच. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली. ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली की जुनं दप्तर कुठल्या खोलीत गेलं हे शिपायालाच माहीत असतं, आणि शिपाई निवृत्त होतो.

म्हणून पहिले तीन महिने मुलाखती नकोच, आधी कागद. मुंबईत विधानभवनाच्या ग्रंथालयात विधानसभेची कार्यवाही छापील आहे. १९९५ ते १९९९ या विरोधी बाकावरच्या वर्षांपासून वाचायला घ्या, मंत्री नसलेला माणूस काय विचारतो ते जास्त बोलकं असतं. शासन निर्णय संकेतस्थळावर मिळतात, जे मिळत नाहीत त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा खर्च आहे आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका, फाइलचं वर्ष आणि विषय नेमका लिहा. मग तालुक्यातली दोनच गावं निवडा, एक अभियानात नंबर आलेलं, एक न आलेलं. तिथल्या ग्रामसभेची २००० ते २००५ ची प्रोसिडिंग बुकं मागा. ग्रामसेवक आज नाही उद्या या म्हणतील, उद्या जा. झेरॉक्स करू दिली नाही तर तिथेच बसून हाताने उतरवून घ्या, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि पान क्रमांकासकट.